पाळी जाण्याच्या वयातल्या कामगार बायका: रजा द्यावी की कामाची जागा सुधारावी?

हजेरीपुस्तक

मसाले आणि पिठं पॅक करणाऱ्या एका कारखान्याच्या सेवानियमांत एक पान वाढवायचं आहे. पॅकिंगला दीडशेच्या आसपास बायका, निम्म्याहून जास्त चाळिशीपुढच्या. मालकांनी एक ओळ आधीच ठरवून टाकली आहे: "रजोनिवृत्तीसाठी महिन्याला एक पगारी रजा." परिपत्रक काढायचं, स्थानिक पेपरात फोटो द्यायचा, झालं.

माझं मत उलटं आहे. ही रजा फारशी कोणी घेणार नाही. अर्ज सुपरवायझरकडे द्यायचा, आणि तो बहुतेक वेळा पंचविशीतला मुलगा असतो. शिवाय हा त्रास महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी येत नाही. तो काही वर्षं रोज थोडाथोडा चालतो, एखाद्या आठवड्यात एकदम वाढतो. त्याला एका दिवसाची रजा काय पुरणार?

म्हणून जाणकारांना विचारतोय. उभ्याने करायच्या पॅकिंगच्या कामात नेमकं काय अडतं? कशाने खरोखर फरक पडतो? आधी काय करावं, नंतर काय? शतावरी-कोरफड नको, ते व्हॉट्सॅपवर रोज येतंय.

कोरा_चहा

पुरुषांनी इथे लिहायचं की नुसतं वाचायचं?

हजेरीपुस्तक

लिहा की. सुपरवायझर तुमच्यातलेच निघतात शेवटी.

ओपीडी_चार

आधी व्याख्या सांगते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं मागे बघून म्हणायचं. आपल्याकडे सरासरी वय ४६-४७, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण कामावर जो त्रास होतो त्यातला मोठा वाटा त्याच्या आधीच्या वर्षांतला असतो, पाळी चालू असते पण तिचा भरवसा नसतो तेव्हाचा. त्यामुळे नियमात "रजोनिवृत्त महिला" असं लिहाल, तर जिला सर्वांत जास्त गरज आहे तीच बाहेर राहील.

क्रम विचारलात. मासिकांतल्या लेखांत वाफा (अंगातून अचानक उठणारी गरम लाट) पहिल्या असतात. उभ्याने काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी अंगावरून जास्त जाणं पहिलं धरीन, मग झोप, मग वाफा, मग लघवी.

जास्त जाणं म्हणजे किती? दर तासाला पॅड बदलावं लागतं आणि असं सलग दोन तासांच्या वर चालतं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात, किंवा सात दिवसांच्या पुढे जातं. यातलं एक असलं तरी तपासणी हवी. बायका "जायच्या वेळी असं होतंच" म्हणून वर्षभर काढतात आणि हिमोग्लोबिन ८ वर येतं. १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मग जिना चढताना धाप लागते, पिंढऱ्या भरून येतात, मोजणी चुकते, आणि शेरा पडतो "आता वय झालं". वय कसलं, लोह संपलंय.

लोहाची गोळी देताना कारखान्यात हमखास होणारी चूक: साडेदहाला चहा आणि त्याच्याबरोबर गोळी. चहातल्या टॅनिनमुळे लोह बरंच कमी शोषलं जातं. गोळी चहाच्या आधी किंवा नंतर निदान तास-दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. रोज घेऊन पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड चालते. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, तीही चालेल. आणि हिमोग्लोबिन १२ वर आलं म्हणून लगेच थांबायचं नाही. साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात.

पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर नुसता डाग दिसला तरी डॉक्टर गाठायचा. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा काढून तपासतात. हे वाक्य तुमच्या पानावर ठळक टाईपात घ्या. बाकी पान कोणी वाचलं नाही तरी चालेल.

शिवणयंत्र

कपड्यांबद्दल. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात घाम येण्याचं निम्मं कारण आपणच अंगावर चढवलेलं असतं.

एप्रन बहुतेक ठिकाणी टेरीकॉटचा, ६५ टक्के पॉलिएस्टर. टिकतो, इस्त्री लागत नाही, म्हणून खरेदीवाले तोच घेतात. सुती जास्त असलेलं कापड घ्या, किंवा पूर्ण सुती ट्विल, आणि जाडी फार नको. दोनाऐवजी तीन जोड द्या, म्हणजे भिजलेला एप्रन मधल्या सुट्टीत बदलता येईल. सुती कापड लवकर फाटतं हे खरं आहे, तेवढं धरूनच बजेट करा.

बटणं नकोत. तुटून मालात पडतात म्हणून तपासनीसही हरकत घेतो. चापबटणं लावा. ती एका झटक्यात उघडतात, वाफ आली की बदलायच्या खोलीत जाऊन अर्ध्या मिनिटात गळा मोकळा.

एप्रन पांढराच ठेवावा लागेल, मळ दिसावा म्हणून. पण खालची सलवार गडद हवी, नेव्ही किंवा मरून. काही कारखान्यांत सगळाच गणवेश फिक्का असतो. डाग पडेल या भीतीने बाई स्टुलावर टेकतसुद्धा नाही आणि आठ तास उभी राहते. फिकट आकाशी आणि राखाडी हे घाम दाखवणारे सर्वांत वाईट रंग. साडीवर एप्रन असेल तर पाच-साडेपाच मीटरचा आणखी एक थर, शिवाय लाइनच्या सरकत्या पट्ट्यात पदर अडकायची भीती. सुती कुर्ता-पायजम्याचा पर्याय ठेवा, सक्ती करू नका. ब्लाउजचं अस्तर मात्र सुतीच सांगा. नायलॉनमिश्रित अस्तर काखेत चिकटतं.

आता खिसा. खाद्यपदार्थांच्या एप्रनला बाहेरून खिसा नसतो, नसावाच. मग पॅड न्यायचं कशात? पिशवी लॉकरमध्ये, लॉकर गेटजवळ, स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला. म्हणून पॅड स्वच्छतागृहातच ठेवायचे, उघड्या फळीवर, कोणाकडे मागायची गरज नाही अशा जागी. मोठ्या आकाराचेच ठेवा. आणि टोपली झाकणाची, पायाने उघडणारी, रोज रिकामी होणारी.

कोरा_चहा

खिशाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरेदीचे फॉर्म भरणाऱ्यांपैकी किती जणांच्या आलं असेल?

पंखा_नं_तीन

वाऱ्याबद्दल लिहितो. "पंखे वाढवा" हा सल्ला मसाल्याच्या लाइनवर चालत नाही. मिरचीची पूड उडते, वजनं चुकतात, डोळे चुरचुरतात, मग पंधरा मिनिटांत कोणीतरी पंखा बंद करतं.

दोन गोष्टी वेगळ्या करा. भरणीच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारी शोषण-नळी हवी. पूड जिथे उडते तिथेच ओढली गेली पाहिजे. ताजी हवा मात्र कामगाराच्या पाठीमागून आणि वरून, मंद वेगाने, डक्टमधून यावी, आणि प्रत्येक जागेला झडप असावी. म्हणजे एकीला वाफ आली तर ती आपल्यापुरती झडप उघडेल, शेजारणीला हुडहुडी भरणार नाही. ऑफिसातही हेच तत्त्व. एसी १८ वर नेऊन सगळ्यांना कुडकुडवण्यापेक्षा २४-२५ वर ठेवा आणि जिला लागेल तिला टेबलावर छोटा पंखा द्या.

दुसरी जागा बँड सीलर. पिशवीचं तोंड चिकटवायच्या या यंत्राची पट्टी दीडशे ते दोनशे अंशांवर चालते आणि बाईचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर असतो. श्रिंक टनेलचंही (प्लॅस्टिक आवळून बसवणारा गरम बोगदा) तेच. एकाच बाईला दिवसभर सीलरवर उभी करायची पद्धत आहे, कारण "तिचा हात बसलाय". तासा-दीड तासाने जागा बदला. सीलर, वजनकाटा, खोकी, परत सीलर. त्यासाठी निदान चौघींचा हात सीलरवर बसवावा लागतो. पहिल्या आठवड्यात वाकडी सील जास्त येतील, ती गृहीत धरा.

ओपीडी_चार

+१. या वयात शरीराची "आता गरम होतंय" म्हणायची मर्यादा आकुंचन पावते. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या उष्णतेने एखादीची वाफ सुरू होते. एक ते पाच मिनिटं टिकते, मग घाम, मग थंडी. सीलर, गरम चहा आणि घट्ट टोपी एका वेळी, म्हणजे आमंत्रणच.

मिसळ_कमी_तिखट

थोडं कडू बोलतो. आपल्या आया-आज्यांनी शेतात राबून सगळं निभावलं, कोणी झडपा आणि चापबटणं मागितली नाहीत. हे शहरी फॅड कारखान्यात आणून उद्या चाळिशीपुढच्या बायकांना कामावरच घेणार नाहीत.

फडावरून

मिसळभाऊ, शेतातल्या बायकांनी कसं निभावलं त्याची नोंद आहे. वाचा.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. पहाटे फडात, मोळ्या डोक्यावर, राहायला कोपी (पाचटाची झोपडी), पाणी लांब, स्वच्छतागृह नाही. अशात अंगावरून पांढरं जातंय किंवा लाल जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की सल्ला ठरलेला: पिशवी (गर्भाशय) काढून टाका, कटकट संपेल. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहात एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३.३ टक्के होतं. बीडच्या बायकांत तिशीतल्या पुष्कळ.

पुढे जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या प्रकरणात राज्यांना निर्देश दिले.

सुट्टी मिळत नाही, आडोसा मिळत नाही, म्हणून शरीराचा अवयवच काढायचा. निभावलं म्हणतात ते हे.

मिसळ_कमी_तिखट

आकडे मान्य, शब्द मागे घेतो. पण भरतीचा मुद्दा सोडत नाही. "या बायकांना जास्त सवलती" असं एकदा लिहिलं की ठेकेदार तिशीतल्याच पोरी आणणार.

ओपीडी_चार

फडावरून यांच्या प्रतिसादाला वैद्यकीय जोड देते, कारण अशा बायका कारखान्यांतही येतात आणि वय बघून कोणाला शंका येत नाही.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच येते, आणि जोरात. वय ३४ असलं तरी. अंडाशयं ठेवली असली तरी पाळी जायच्या वयाच्या काही वर्षं आधीच ती थकण्याची शक्यता वाढते, आणि पाळी नसल्याने ते कळतही नाही. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईला, दुसरी काही आडकाठी नसेल तर, निदान नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असाच सल्ला आहे. शस्त्रक्रियेचा कागद नीट वाचा, नुसतं "पिशवी काढली" एवढ्यावर थांबू नका. त्यात अंडाशयांचा उल्लेख असतो.

म्हणून नियमात "४५ वर्षांवरील" अशी अट टाकू नका.

शस्त्रक्रियेनंतर कामावर परत घेताना: पोट उघडून केली असेल तर साधारण सहा आठवडे, दुर्बिणीतून असेल तर बरेचदा दोन ते चार. दोन्हींत सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही. पिठाचं पोतं तर नाहीच नाही.

बारीक_नजर

हार्मोन म्हणजे कॅन्सर ना? हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

ओपीडी_चार

२००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मधेच थांबवला, तेव्हापासून ही भीती आहे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या जास्तीच्या केसेस निघाल्या दरवर्षी १०,००० बायकांमागे ८. पिशवी काढलेल्या बायकांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात वाढ दिसली नाही.

आज ढोबळ नियम असा: वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढतं. त्वचेवर लावायचं जेल रक्तात गुठळी होण्याच्या बाबतीत गोळीपेक्षा सुरक्षित. स्तनाचा कर्करोग, गुठळी किंवा पक्षाघात झालेला असेल, यकृताचा आजार असेल, किंवा रक्त का जातंय तेच कळलेलं नसेल, तर नाही. त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आहेत, कमी मात्रेतली व्हेनलाफॅक्सिन वगैरे. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने यातलं काहीही घेऊ नये.

अवांतर: पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधनाची काळजी घ्यायची.

कोरा_चहा

शेवटचा परिच्छेद "अवांतर" म्हणून टाकलात? मोठ्या अक्षरांत लिहा!

थेम्सकाठी

ब्रिटनमधलं थोडक्यात. इथे रजोनिवृत्तीचा वेगळा कायदा नाही. समानतेच्या कायद्याखाली वय, लिंग किंवा अपंगत्व यापैकी एकात बसवून दाद मागतात. त्रास दीर्घकाळ आणि मोठा असेल तर तो अपंगत्व धरला जाऊ शकतो आणि मालकाला कामात वाजवी फेरफार करावे लागतात, असं समानता आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं. त्या फेरफारांत येतं काय? विश्रांतीची जागा, हवा, गणवेश, वेळा. म्हणजे इथे शिवणयंत्र आणि पंखा_नं_तीन यांनी लिहिलं तेच. रजा त्या यादीत बरीच खाली येते.

चलन_फॉर्म

आता रजेचं आणि पैशाचं, कारण तेही लागणार.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल (सध्या मासिक पगार २१,००० पर्यंत), तर आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हंगामी बायका इथे मार खातात, त्यांचे दिवस मोजून ठेवा. पहिले दोन दिवस लाभ मिळत नाही, म्हणून सुट्या-सुट्या एका दिवसासाठी ईएसआय कामाचा नाही. तो शस्त्रक्रियेसाठी.

मातृत्व लाभाच्या तरतुदींत (पूर्वी वेगळा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत) गर्भपातानंतर सहा आठवडे आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे रजा आहे. पिशवी काढण्यासाठी त्यांत काही नाही. अर्ज त्या तरतुदींखाली करून नाकारून घेऊ नका.

ईएसआयच्या बाहेरच्या बायकांसाठी गटविमा असेल तर एक ओळ तपासा: फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आणि पिशवीच्या शस्त्रक्रियेला सुरुवातीची २४ महिन्यांची प्रतीक्षा लावलेली असते. गटविम्यात ती घासाघीस करून काढून घेता येते. नूतनीकरणाच्या वेळी मागायचं, क्लेम आल्यावर नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांत ४० वर्षांवरच्या कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे. ती नावापुरती रक्तदाब-वजनावर संपवू नका.

कर्नाटकने २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस मासिक पाळीची रजा दिली, वय १८ ते ५२. बावन्नचा आकडा ठेवलाय म्हणजे पाळी जायच्या काळातल्या बायकाही त्यात येतात. महाराष्ट्रात खासगी कारखान्यांवर तसं बंधन नाही. मालकांना द्यायची असेल तर देऊ द्या, पण नाव "आरोग्य रजा" ठेवा आणि सगळ्या कामगारांना द्या. मिसळभाऊंच्या भरतीच्या मुद्द्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

मिसळ_कमी_तिखट

हे पटलं.

जुना_खडू

शाळांचंही लिहा कोणीतरी. वर्गातून खुर्च्या काढून टाकल्यात, तास सलग, आणि शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शिपायाकडे. शिवाय या वयात खांदा आखडतो. चाळीस ते साठमध्ये, बायकांत जास्त, मधुमेह असेल तर आणखी. फळ्याच्या वरच्या भागात हात जात नाही, मग शेरा "फलकलेखन असमाधानकारक".

ओपीडी_चार

खांद्याला पहिल्या दुखऱ्या महिन्यांत जोर लावून ताणायचं नाही. हलके झोके, शेक, आणि साखर तपासणं. फळ्याचा खालचा अर्धा भाग वापरा किंवा मुलांना लिहायला लावा. पॅकिंगलाही हे लागू आहे: खोकी खांद्याच्या वर रचायचं काम अशा बाईला देऊ नका.

हजेरीपुस्तक

तपासणीचं चलन_फॉर्म यांनी काढलंच आहे, तर सांगा. एका प्रयोगशाळेने "मेनोपॉज प्रोफाइल" असं पॅकेज पाठवलंय, त्यात एफएसएच, इस्ट्राडायॉल (पाळीशी संबंधित हार्मोन) आणि आणखी बरंच आहे. घ्यावं का?

ओपीडी_चार

नको. ४५ च्या पुढे लक्षणांवरूनच कळतं. एफएसएच या काळात आज वर, पुढच्या आठवड्यात खाली. कागदावर आकडा येतो, उपचार बदलत नाही. तेच पैसे यात घाला: सीबीसी (हिमोग्लोबिन त्यातच येतं), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), बी१२, रक्तदाब. थायरॉइड बिघडल्यावरही थकवा, घाम, धडधड असंच होतं आणि ते "वयाचं" म्हणून राहून जातं. गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या बायकांसाठी मोफत होते, तिथे तारीख ठरवून गाडी सोडा. एफएसएच चाळिशीच्या आत पाळी गेलेल्यांसाठी ठेवा.

पंखा_नं_तीन

बदलीचा हिशेब कोणीच केला नाही. लाइनवरची बाई सुटीशिवाय पट्टा सोडू शकत नाही, तिच्या जागी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. स्वच्छतागृहात वेळ लागतो तीन-चार मिनिटं. एप्रन काढणं, चपला बदलणं, परत येऊन हात धुणं, टोपी, हातमोजे, यात आणखी सात-आठ. बारा मिनिटं धरा. वीस बायका, प्रत्येकी दोन जादा फेऱ्या: ४८० मिनिटं. म्हणजे एका बदलीचे पूर्ण आठ तास, श्वास घ्यायला जागा नाही. पंधरामागे एक धरलात तर जमेल.

चलन_फॉर्म

पंधरामागे एक म्हणजे दीडशेला दहा पगार. ऐंशी बायकांना महिन्याला एक रजा दिली तर ऐंशी दिवस, म्हणजे तीन पगारांच्या आसपास. मालक रजाच देणार, आणि हिशेबाने बरोबरच देणार.

पंखा_नं_तीन

नवीन दहा कशाला? प्रत्येक लाइनला माल पुरवणारी, खोकी जुळवणारी बाई असतेच. तिला वजनकाटा आणि सीलर शिकवा, बदलीचा भत्ता द्या. खोकी आधी दोन तासांची जुळवून ठेवली की ती मोकळी. सगळ्या वीसजणी रोज दोनदा जाणार नाहीत, पण व्यवस्था सगळ्यांसाठी मोजायची, म्हणजे कोण का गेली हा प्रश्न उरत नाही. स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, सगळ्यांना तीच मुभा.

ओपीडी_चार

हे झालं नाही तर काय होतं ते सांगते: बायका पाणी पिणं सोडतात. जायलाच नको म्हणून. या वयात मूत्रमार्गाचं अस्तर पातळ झालेलं असतं, त्यात पाणी कमी, मग जळजळ, जंतुसंसर्ग, दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिक. योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम यावर चांगलं चालतं. सुरुवातीला दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. अंगात फारसं शोषलं जात नाही.

बारीक_नजर

रात्रपाळीचं राहिलं.

पंखा_नं_तीन

रात्री घामाने झोप मोडणाऱ्या बाईला दिवसा झोपायला लावणं म्हणजे दुहेरी मार. रात्रपाळी टाळता येत नसेल तर क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकवा, उलटा नको. दोन पाळ्यांत ११ तासांपेक्षा कमी अंतर नको. पाळी संपताना तोंडी सांगण्यावर विसंबू नका, बॅच नंबर आणि राहिलेला माल फळ्यावर लिहून द्यायची पद्धत लावा. विसरणं या काळात होतं, आणि लिहिलेला फळा सगळ्यांनाच उपयोगी पडतो.

हजेरीपुस्तक

एवढ्यावरून पानाचा मसुदा असा झालाय:

कोणत्याही कामगाराला कारण न सांगता पट्टा सोडता येईल, लाइनवरची बदली जागा घेईल. सीलर आणि टनेलवर सलग दीड तासापेक्षा जास्त कोणी नाही. एप्रन सुती, तीन जोड. पॅड आणि झाकणाची टोपली स्वच्छतागृहात. वर्षातून एकदा वरच्या यादीप्रमाणे तपासणी, अहवाल थेट कामगाराच्या हातात. वर्षाला १२ आरोग्य रजा, सगळ्यांना, दाखला नको. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे उचलण्याचं काम नाही. रक्तस्रावाबद्दलच्या सूचना, रजोनिवृत्तीनंतरच्या डागासकट, ठळक अक्षरांत.

"रजोनिवृत्ती" हा शब्द शेवटच्या ओळीशिवाय कुठेच येत नाही. मालकांना फोटोसाठी काय सांगायचं ते बघू.

चलन_फॉर्म

दोन दुरुस्त्या. "अहवाल कामगाराच्या हातात" याच्यापुढे "कार्यालयात प्रत ठेवली जाणार नाही" हेही लिहा, नाहीतर फाइल तयार होतेच. आणि बदलीच्या नोंदवहीत फक्त वेळ आणि जागा. "कारण" हा रकाना छापूच नका. रिकामा रकाना दिसला की सुपरवायझर भरायला लावतो.

हलकं काम हवं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत रोगाचं नाव नको, मर्यादा हवी: "पाच किलोच्या वर उचलू नये, दर दोन तासांनी विश्रांती." कार्यालयाला तेवढंच लागतं.

शिवणयंत्र

टोपी विसरलात. न विणलेल्या कापडाची फुगीर टोपी डोक्याची सगळी उष्णता कोंडते. जाळीची चालते का ते गुणवत्ता विभागाला विचारा. जाळी बारीक असेल तर बहुतेक ठिकाणी चालते.

जुना_खडू

बसायचं काय? उभ्याने काम करणाऱ्याला टेकायची सोय हवी हे जुन्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं, नव्या संहितेतही आहे. प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली की पट्टा गळ्याशी येतो आणि कोणी बसत नाही.

पंखा_नं_तीन

खुर्ची नको, उंच स्टूल. पट्टा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर बैठक ६० ते ६५ वर. पण तेवढ्यावर बुटक्या बाईचे पाय लोंबकळतात आणि अर्ध्या तासात मांड्या बधिर होतात, म्हणून जमिनीपासून २० सेंटिमीटरवर पाय टेकायला दांडी लावून घ्या. स्टुलाला नको, पट्ट्याच्या चौकटीला लावा. स्टुलाला लावली तर चढताना स्टूल कलंडतं.